पावणं नावाचं बटण

माझ्या थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. हात व्यायामाने बराचसा परत आला. शब्द आले नाहीत. एक तेवढा राहिला: पावणं.

आमच्या कोल्हापूरकडे सोयऱ्याला पावणं म्हणतात, दारात आलेल्या माणसाला पावणं म्हणतात आणि रस्त्यात वाट विचारणाऱ्या परक्यालाही पावणंच म्हणतात. त्यात दादा एसटीत कंडक्टर. "पावणं, तिकीट घेतलंसा का?" "पावणं, पोरगं मांडीवर घ्या की, म्हातारी उभी हाय." निवृत्त होईपर्यंत दिवसातून किती वेळा हा शब्द त्याच्या तोंडून गेला असेल, हिशेब नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, आठवतंही, फक्त नेमका शब्द तोंडात येत नाही. आणि जिभेवर घट्ट बसलेला एखादा शब्द असा मागे उरतो, त्याला काही अर्थ असेलच असं धरू नका. आम्ही धरला नाही. चहा हवा असला तरी पावणं, नको असला तरी पावणं. वहिनी म्हणायची, "चोवीस तास घरात पावणं. स्वयपाक तरी किती करू?" त्यावर दादा हसायचा. म्हणजे विनोद कळत होता.

दादाला जुनी कुलपं जमवायचा छंद. पितळी, बिडाची, घोड्याच्या आकाराची, किल्ली पेचासारखी फिरवत आत घालायची ती, किल्लीचं छिद्रच सापडत नाही अशी. पुढच्या खोलीत काचेच्या दारांची तीन कपाटं भरली आहेत. रविवारी लोक बघायला येत. आलेल्या माणसाला दादा आधी खुर्ची देई, मग हातात एक बंद कुलूप देई आणि म्हणे, "उघडा बघू, पावणं." माणूस घाम गाळत बसे. दादा चहा होईपर्यंत थांबे, मग कुठलासा खिळा सरकवून ते एका बोटानं उघडे आणि त्या कुलपाची सगळी कथा सांगे. सांगायला लागला की घरातली माणसंसुद्धा कामं सोडून दारात उभी राहत. त्याच्याइतकं चांगलं सांगणारं आमच्या घराण्यात दुसरं कुणी झालं नाही.

झटका आल्यापासून फाटक वाजलं की तो उठून आतल्या खोलीत जाऊन बसायला लागला. लोक कपाटं बघत, वहिनी चहा देई, माणसं हळू आवाजात "काळजी घ्या" म्हणून निघून जात. पुढे पुढे तीही येईनाशी झाली. एके दिवशी दादाने कपाटांवर जुनी चादर टाकली. वहिनीने ती काढली. दुसऱ्या दिवशी परत टाकलेली.

वहिनीने मला फोन केला. "वन्सं, त्येंनी कपाटं झाकली. तुमच्या त्या काम्पुटरमदनं काय हुईल का बघा. न्हायतर हे माणूस त्या चादरीखालीच जायचं."

म्हणजे प्रश्न एकच होता. दादा आपली कुलपं पुन्हा स्वतः दाखवणार की नाही.

मी एका फाउंड्रीच्या स्टोअर्समध्ये काम करते. सुटे भाग, कुठल्या रॅकवर काय, किती उरलं, कधी मागवायचं. घरीसुद्धा माझ्या याद्या असतात. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, फोनमध्ये बाकीच्या. दादा मला लहानपणापासून अक्काबाई म्हणायचा. "गप बसा रं, अक्काबाईचा फेरा आला," असं पोरांना सांगून मला चिडवायचा. त्याच्या कुलपांची संगणकावरची नोंद मीच करून दिली होती, तो धडधाकट असताना. प्रत्येक कुलपाला क्रमांक, फोटो, धातू, आकार, किल्ली आहे की नाही, यंत्रणा कुठली, कपाट कुठलं. वर एक चौकट आणि शेजारी "शोधा" नावाचं बटण. चौकटीत कुलपाचं नाव लिहायचं, बटण दाबायचं, कुलूप हजर.

तेव्हा आमचं एकच भांडण व्हायचं. प्रत्येक कुलूप कुणाकडून आलं ते दादाला लिहायचं असे. मी म्हणे, "पुरवठादार एका शब्दात सांग." तो म्हणे, "पुरवठादार? आगं, त्या बाईनं लेकीच्या लग्नात पेटी मोडली तवा दिलंय मला." आणि मग ती बाई, ती लेक, ती पेटी. मी शेवटी "शेरा" नावाचा एक लांब रकाना करून दिला आणि तो सांगेल ते त्यात टाइप करत गेले. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये शेरा कुणी वाचत नाही.

आता ते "शोधा" बटण दादाच्या काही उपयोगाचं नव्हतं. नाव आठवून ते लिहायचं, तर नावच येत नाही. म्हणून मी नवी बटणं करायला घेतली. बटणामागे ज्या सूचना लिहितात त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नव्या मोलकरणीला काम समजावून सांगावं तसं ते असतं. या रकान्यात जा, हा शब्द बघ, ज्या नोंदीत तो असेल त्या समोर मांड, बाकीच्या झाक. एकही गोष्ट गृहीत धरायची नाही. सांगितलं नाही तर ती करणार नाही आणि चुकीचं सांगितलं तर चुकीचं बिनतक्रार करेल.

आठवडाभर ऑफिसातून आल्यावर बसून मी बटणं केली. पितळी, लोखंडी, बिडाचं. लहान, मध्यम, मोठं. किल्लीसह, किल्लीविना. प्रत्येकावर चित्र. दाबलं की त्या गटातल्या कुलपांचे फोटो समोर. पडदा बोटाने दाबता येणारा होता, त्यामुळे डावा हात पुरे. रविवारी मी लॅपटॉप दादासमोर ठेवला.

"हे बघ, दादा. पितळी पाहिजे? हे दाब."

त्याने पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "पावणं," तो म्हणाला.

"पावणं नव्हे, पितळी."

"पावणं!" या वेळी जोरात. त्याने "लोखंडी" दाबलं, फोटो आले, ते त्याने बघितलेसुद्धा नाहीत. मग "लहान" दाबलं. पडद्यावर फोटोंऐवजी नुसती पाटी आली: नोंद सापडली नाही. दादाचं तोंड उतरलं. त्याने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे सरकवला.

"बटणं लई झाली वन्सं," वहिनी म्हणाली. "मला बी कळंनात. एसटीचा ड्रायव्हर तरी एवढी दाबतो का?"

घरी जाऊन तपासलं. पाटी आली ती माझ्या चुकीने. आधीचा शोध पुसून सगळ्या नोंदी पुन्हा मांडायच्या, ही पहिली ओळ मी स्क्रिप्टमध्ये लिहायला विसरले होते. म्हणून संगणक लोखंडी कुलपांमध्येच लहान शोधत बसला आणि त्यात ते नव्हतं. दादाला वाटलं, आपलंच चुकलं. ज्या माणसाला आधीच वाटतंय की आपल्याकडून काही जमत नाही, त्याला फोटोंऐवजी अशी पाटी दाखवायची म्हणजे जखमेवर मीठ. मी प्रत्येक स्क्रिप्टला पहिली ओळ घातली आणि ती पाटी कायमची काढून टाकली. काही सापडलं नाही तर सगळीच कुलपं दाखव, असं लिहिलं. अर्धी बटणंही कमी केली.

पुढच्या रविवारी तेच झालं. चूक दुरुस्त झाली होती, बटणं चालत होती, आणि दादा पडद्याकडे बघून पावणं म्हणत होता. मी पितळीवर बोट ठेवलं की मान हलवे, नाही. लोखंडीवर ठेवलं, नाही. मोठं? नाही. मी चिडले नाही असं म्हणणार नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते आणि फाटक वाजलं. दादा उठायच्या आतच एक म्हातारी लेकाचा हात धरून थेट आत आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. लेक म्हणाला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन इथल्या दवाखान्यात झालंय, गारगोटीला परत जायच्या आधी कंडक्टरला बघायचंच म्हणून हटून बसली.

"काय रं कंडक्टर," म्हातारी खुर्चीत बसत म्हणाली, "तुजं तोंड बंद झालं म्हणं. बरं झालं. लई बोलायचास."

वहिनी फस्सकन हसली. दादाही हसला. आत जायचं तो विसरला होता. तो उठला, मधल्या कपाटावरची चादर बाजूला सारली, सगळ्यात खालच्या फळीवर हात घातला आणि एक काळं, गंजकं कुलूप काढून म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. किल्ली त्याला सुतळीने बांधलेली होती.

"पावणं," तो म्हणाला आणि तिच्याकडे बोट केलं. मग कुलपाकडे. मग परत तिच्याकडे.

म्हातारीने उघड्या डोळ्याजवळ ते धरलं. "व्हय की! आमच्या परड्यातल्या खोलीचं. मीच दिलंतं तुला. अजून ठेवलंयस व्हय?"

मी उभ्या जागी हिशेब केला. माझ्या नोंदीप्रमाणे ते कुलूप लोखंडी, मध्यम, पेचाच्या किल्लीचं होतं. अशी दादाकडे पुष्कळ आहेत. त्याने त्यातलं एकही न चाचपता नेमकं हे काढलं होतं. धातूवरून नाही, आकारावरून नाही. बाईवरून. तो इतके दिवस पडद्याकडे बघून मला विचारत होता, पावणं कुठे आहेत, आणि मी त्याला पितळ दाखवत होते.

सगळ्याच वेळी त्या शब्दाला तो अर्थ असतो असं नाही. चहाच्या वेळी तो चहाच असतो. पण कुलपांसमोर तो शब्द अगदी बरोबर होता.

म्हातारी गेल्यावर मी विचारलं, "दादा, कुणी दिलं त्यावरून शोधायचंय का तुला?"

त्याने कपाळावर हात मारून घेतला, आणि तो हात तसाच माझ्यापुढे जोडला. अक्काबाईला एकदाचं कळलं.

मग कामाला सुरुवात केली. "शेरा" रकान्यात सगळं होतं, पण कथेसारखं, एका वाक्यात दोन गावं आणि तीन माणसं. स्क्रिप्टला असं चालत नाही. मी दोन नवे रकाने केले, गाव आणि पावणं. गावाची बटणं सोपी होती. दादाच्या बसच्या वाटेवर जी गावं होती तीच घेतली: गारगोटी, हुपरी, गडहिंग्लज आणि आपलं कोल्हापूर. झटक्यापासून दादाला नावं वाचता येत नव्हती, पण स्टँडचे फोटो त्याला लांबून ओळखू येत. फोटोंसाठी मी आणि वहिनी रविवारी एसटीनेच हिंडलो. हुपरीच्या स्टँडवर वहिनी फोटोत येऊन उभी राहिली. "मी बी ऱ्हाऊ दे. त्येंनी गाव न्हाय वळखलं तर बायकू तरी वळखतील."

माणसांचं काय करायचं हा खरा पेच होता. फोटो कुणाचेच नव्हते. मी एकेक शेरा मोठ्याने वाचायचे आणि वहिनी म्हणायची, "त्यो म्हशीवाला." किंवा "ती पैंजणवाली. घरात बसून पैंजणाला घुंगरं लावायची." दादाकडे बघायचो. पटलं तर तो बोटाने टेबलावर टक् करायचा. मग म्हशीवाल्याला म्हशीचं चित्र, पैंजणवालीला पैंजणाचं, स्टँडवर चहा विकणाऱ्याला किटलीचं. गडहिंग्लजच्या एका जैन व्यापाऱ्याला वहिनी तराजू द्या म्हणाली. दादाने टक् केलं नाही. छत्री? नाही. वही? नाही. शेवटी दादाने स्वतःच्या कानाला हात लावला आणि डोळे मिटून मान डोलावली. आम्हाला काही कळेना. मी शेरा परत वाचला. तिसऱ्या ओळीत होतं: बसमध्ये बसल्या बसल्या गाणी म्हणायचा. व्यापाऱ्याला रेडिओचं चित्र मिळालं.

मला त्या दुपारी फार आवडल्या. मी तिथे बसून बघत होते की या माणसाच्या डोक्यात काय साठलंय. चालत्या गाडीत पैसे घेत, घंटी वाजवत, भांडणं सोडवत त्याने कोण कुठल्या गावचं, कुणाच्या घरी काय झालं, कुणाचा सूर चांगला, हे सगळं लावून ठेवलं होतं, आणि झटक्याने शब्द नेले तरी त्या रांगेतला एक माणूस हललेला नव्हता. मी रॅक लावण्यात आयुष्य काढलंय. असा लावलेला रॅक मी बघितला नाही.

शेवटी मी पडद्यावर मधोमध एक मोठं बटण ठेवलं. नाव "पावणं". ते दाबलं की आधीचं सगळं पुसायचं, चार गावं दाखवायची. गाव दाबलं की त्या गावची चित्रं. चित्र दाबलं की कुलूप, त्याचं कपाट, फळी. आणि खाली "ऐका" नावाचं एक छोटं बटण. ते वहिनीच्या आग्रहावरून. तिने प्रत्येक शेरा आपल्या आवाजात वाचून मला रेकॉर्ड करून दिला, आणि तो वाचताना माझं व्याकरण पार मोडून टाकलं. "त्येंनी दिलेलं हे कुलूप प्राप्त झालं म्हणं! कोण बोलतं असं?"

दादाने पहिल्यांदा ते वापरलं तेव्हा तो कुणाला काही दाखवत नव्हता. एकटाच बसून पैंजण दाबलं, कुलूप आलं, वहिनीचा आवाज ऐकला, म्हैस दाबली, परत ऐकला. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "अवं, मी हितं जित्ती हाय की, माझं ऐकत न्हाईसा कधी!" दुसऱ्या दिवशी चादर घडी घालून कॉटवर ठेवलेली होती. त्याने ठेवली की तिने, ते मी विचारलं नाही.

पण घरात बसून ऐकणं वेगळं आणि परक्या माणसासमोर बसणं वेगळं. गारगोटीची म्हातारी ओळखीची होती. फाटक वाजलं की अजूनही दादा उठायचा. दारापर्यंत जायचा, थांबायचा, मग आत वळायचा. वहिनी मला खुणेने सांगायची, बोलू नका.

मग एका रविवारी खरोखरचा अनोळखी माणूस आला. पन्नाशीचा, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. दारातच उभा राहून विचारलं, "कुलपं बघायला मिळत्यात तो हाच न्हवं बंगला?" त्याच्या बोलण्याला कानडी हेल होता. बंगला म्हटल्यावर वहिनी पदर तोंडाशी नेऊन हसली.

दादा आतल्या दारापर्यंत गेलेला होता. मी लॅपटॉप नुसता उघडा ठेवला. माणूस पुढे आला, कपाटांपाशी गेला, हात मागे बांधून बघत राहिला. मग वळून दादालाच म्हणाला, "अण्णा, हे वरचं घोड्याचं कुठनं आणलंय हो?"

उत्तर मला माहीत होतं. वहिनीलाही. दोघी बसून राहिलो.

दादा परत आला. त्या माणसाला त्याने आधी खुर्ची दिली. मग स्वतः बसला, मोठं बटण दाबलं, गडहिंग्लज दाबलं, रेडिओ दाबला. घोड्याच्या कुलपाचा फोटो आला. मग "ऐका". वहिनीचा आवाज सुरू झाला: "हे कुलूप दिलं गडहिंग्लजच्या शेटजींनी. बसमदी गाणी म्हणायचं. आवाज ग्वाड, पर तिकिटाला सुट्टं कधी न्हाय." माणूस खो खो हसला. दादाने कुलूप काढून त्याच्या हातात दिलं आणि तोंडाने म्हणाला, "पावणं," आणि हाताने खूण केली: उघडा.

माणसाला ते उघडलं नाही. कुणालाच उघडत नाही. चहा झाल्यावर दादाने डाव्या हाताने घोड्याची शेपटी वळवली. पूर्वी तो हे उजव्या हाताने करायचा आणि क्षणात करायचा. आता दोनदा निसटली. तिसऱ्यांदा कडी उडाली आणि त्या माणसाने मांडीवर थाप मारली. "आयला! शेपटीत हाय व्हय!"

मग एकामागून एक. म्हैस, किटली, पैंजण. माझी कुणाला गरज पडली नाही. मी आत जाऊन वहिनीला भांडी घासू लागले, ती ताटली घासत डोळे पुसत होती आणि मला म्हणत होती, "साबणाचं पाणी गेलं, दुसरं काय न्हाय."

जाताना माणसाने पिशवीतून एक कुलूप काढलं. त्याच्या आजोबांच्या गुळाच्या कोठाराचं, बिडाचं, चांगलं जड. घरात पडून होतं, म्हणाला, इथं चार माणसं बघतील. दादाने ते दोन्ही हातांनी घेतलं, उजव्याची बोटं नीट वळत नव्हती तरी. मी लगेच लॅपटॉपवर नवी नोंद उघडली.

"गाव कुठलं तुमचं?"

"गडहिंग्लजच्या पल्याड. हद्द वलांडली की आमचं गाव लागतंय. कर्नाटकात."

ते गाव कुठल्याच बटणात बसत नव्हतं. दादाची गाडी तिथपर्यंत कधी जात नसे. "गडहिंग्लजमध्येच घालू का?" मी विचारलं. दादाने जोरात मान हलवली. त्याने गडहिंग्लजच्या फोटोवर बोट ठेवलं, मग ते बोट पडद्यावरून उजवीकडे सरकवत मोकळ्या जागेपर्यंत नेलं आणि तिथे दाबून धरलं. त्याचे ओठ जुळले, सुटले, परत जुळले. मी आणि तो माणूस, दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"फुडं," दादा म्हणाला.

वहिनी दारात आली. "काय म्हणलं?"

"फुडं," त्याने परत म्हटलं, जरा वैतागून, जणू गाडी सुटायला आली आहे आणि आम्ही मधेच उभ्या आहोत.

मी तिथल्या तिथे बटण केलं. आधीचं सगळं पूस, या रकान्यात जा, हा शब्द बघ, ज्या नोंदीत तो असेल ती मांड. नावाच्या जागी "पुढे" टाइप केलं आणि मग खोडून त्याने म्हटलं होतं तसं लिहिलं. माणूस गुळाचं कोठार कसलं होतं ते सांगत होता, दादा ऐकत होता, आणि त्या बटणात सध्या एकच कुलूप आहे.